कोरी नळी

१

क्लीनरूममध्ये शिरण्याआधी मावशीला जेवढा वेळ लागायचा, तेवढा एखाद्या नवरीलाही लागत नसेल. अंगठी, घड्याळ, कानातलं आधी कप्प्यात. मग केसांवर टोपी, टोपीवर दुसरी टोपी, तोंडाला मास्क. अंगात मानेपासून घोट्यापर्यंतचा पांढरा सूट, बुटांवर पिशव्या, हातात मोज्यांचे दोन जोड. वरचा जोड दर अर्ध्या तासाने बदलायचा. सगळ्यात शेवटी ब्लीचच्या फडक्याने हात पुसायचे. वीस वर्षं रोज हेच चाललं होतं. "मेलेल्या जनावराला भेटायला जेवढी नटतेस, तेवढी माझ्याबरोबर कुठं जाताना नटली नाहीस," असं नवरा म्हणायचा, आणि त्यात तथ्य होतं.

हा एवढा थाट कशासाठी, तर स्वतःपासून वाचण्यासाठी. हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या जनावराच्या हाडात डीएनए उरतो तो चिमूटभर, आणि तोही तुकडेतुकडे झालेला. माणूस मात्र जिवंत. बोलला की उडतो, खाजवलं की गळतो. एक शिंक आली की अख्खं जनावर माणसाखाली गडप. म्हणून इथं काम करणाऱ्या प्रत्येकाची थुंकी पहिल्याच दिवशी घेतलेली असे आणि त्याच्या डीएनएची नोंद संगणकात ठेवलेली असे. नमुन्यात माणूस सापडला, तर तो नेमका कोण हे लगेच कळायचं.

आणि होती ती कोरी. दर खेपेला सात नळ्यांत हाडाची पूड टाकायची, आठवीत काहीच टाकायचं नाही. बाकी तिचे लाड सातांसारखेच. तेच पाणी, तीच रसायनं, तेवढाच वेळ. कोरीत शेवटपर्यंत काही सापडलं नाही, तर सातांत जे सापडलं ते खरं. कोरीत काही निघालं, तर सातही फेकून द्यायच्या. "इथं सगळ्यात महत्त्वाची कोण, तर काही न करणारी," असं मावशी नव्या लोकांना सांगायची आणि स्वतःच हसायची. तिच्या हातची कोरी वीस वर्षांत एकदाही बिघडली नव्हती. वहीत कोरीपुढे ती दोनच शब्द लिहायची: काही नाही.

मावशी खरं तर कोणाचीच मावशी नव्हती, तिला बहीणच नव्हती. पण चाळिशी उलटलेल्या, मूल नसलेल्या बाईला जग मावशी करून टाकतं. विचारायचीही तसदी घेत नाही.

२

त्या सोमवारी सरांनी दोन खोकी आणली. सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. पन्नाशीचे, सदा घाईत. आनंद झाला की त्यांचे कान लाल होत, आणि त्या दिवशी ते चांगलेच लाल होते.

"बाई, घबाड आहे," ते म्हणाले. "रानगाय. आजच्या गाईच्या दुप्पट. तीस हजार वर्षांपूर्वीची. ही जात पार संपली. बर्फाळ गुहेत होती, अख्खीच्या अख्खी. आणि पोटात वासरू. दिवस भरत आलेले."

त्या जातीच्या जनुकीय खुणा सरांना हव्या होत्या. कुठल्या खुणा आजच्या गुराढोरांत उतरल्या आणि कुठल्या तिच्याबरोबरच संपल्या, हे त्यांना बघायचं होतं. आईच्या आणि वासराच्या खुणा शेजारीशेजारी मिळाल्या, तर वासराच्या बापाच्या खुणाही आपोआप हाती लागणार होत्या. एका दगडात दोन नव्हे, तीन पक्षी.

खोकी उघडली. एकात गाईची कवटी होती. दुसऱ्यात कापसावर वासराच्या कानामागचं हाड, बोराएवढं. अंगातलं सगळ्यात घट्ट हाड ते. बाकी सगळं विरलं तरी त्यात डीएनए टिकतो. ऐकण्याचं सगळं यंत्र त्या बोराच्या पोटात असतं. गाईचं नाव पडलं थोरली आणि वासराचं धाकटं. ही नावं ठेवली मावशीनंच.

आणि नियमाप्रमाणे दोघांना वेगळंही तिनंच केलं. एकाच्या हाडाचा कण दुसऱ्याला लागू नये म्हणून नात्यातले नमुने एका जागी ठेवायचे नाहीत, हा इथला पक्का नियम. थोरलीचं खोकं तिनं तळघरातल्या कपाटात नेऊन ठेवलं. धाकट्याचं वर, क्लीनरूमच्या बाहेरच्या खोलीत. मधे तीन मजले. गुहेत ती दोघं तीस हजार वर्षं एकमेकांपासून वीतभर लांब गेली नव्हती, हे तिच्या मनात आलं, पण अशा गोष्टी मनात येत राहिल्या तर कामं व्हायची कधी?

दुपारी ती पूड करायला बसली. क्लीनरूममध्ये हवा गाळणारा पंखा चोवीस तास चालतो. त्याची घरघर इतकी सवयीची, की ती कानावर पडते पण ऐकू येत नाही. त्या दिवशी घरघरीच्या खालून आणखी एक आवाज आला. खोल, लांबट. मग थांबला. मावशीनं हातातलं काम थांबवलं. बऱ्याच वेळानं तो पुन्हा आला, तसाच, आणि पुन्हा थांबला.

पंख्यात काही अडकलं असेल, असं म्हणून तिनं मोजे बदलले.

३

दहा दिवसांनी आकडेवालीनं तिला आपल्या खोलीत बोलावलं. आकडेवालीचं काम संगणकावरचं. नळ्यांतून निघालेल्या लाखो तुकड्यांतून कोणता कशाचा हे लावायचं. सहाच महिने झाले होते तिला येऊन. हुशार, बडबडी, सतत काहीतरी चघळणारी. तिच्या खोलीत चघळायला परवानगी होती.

"मावशी, रागावू नका हं," ती म्हणाली. "कोरीत माणूस आहे."

मावशी पडद्याजवळ वाकली. "माझा?"

"नाही ना, तेच तर! तुमचं नाही, सरांचं नाही, नोंदीतल्या कोणाचंच नाही. पण निम्मं तुमच्याशी जुळतंय. बरोब्बर निम्मं." आकडेवालीनं खुर्ची तिच्याकडे वळवली. चेहऱ्यावर कोडं सुटल्याचा आनंद होता. "म्हणजे तुमच्या मुलीचं आहे! घरून आलं असणार, कपड्याला केस वगैरे लागून. होतं असं. किती वर्षांची आहे मुलगी?"

मावशी पडद्याकडे बघत राहिली. तिथं रेघा होत्या नुसत्या.

"मुलगी आहे?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"मुलगी आहे हे... त्यात दिसतं?"

"हो, ते तर सगळ्यात आधी दिसतं," आकडेवाली हसली. "का हो, मुलगा पण आहे का? तो नाही हा. ही मुलगीच. किती वर्षांची?"

"एकोणीस," मावशी म्हणाली.

ती काही खोटं बोलली नव्हती. एकोणीसच झाली असती. सातव्या महिन्यात, भर दुपारी, पोटातली हालचाल थांबली आणि मावशीला दवाखान्यात नेलं. ती शुद्धीवर आली तेव्हा सगळं उरकलं होतं. सह्या नवऱ्यानं केल्या होत्या. मुलगा होता की मुलगी, हे कोणी सांगितलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही. विचारलं असतं तर ते मूल झालं असतं. न विचारता ते एक आजारपण होतं, आणि आजारपणातून माणूस उठतो. अशी ती उठली, आणि चार महिन्यांनी कामावर परत आली.

आज एकोणीस वर्षांनी एका चघळणाऱ्या पोरीनं तिला सांगितलं, की मुलगी होती. मावशीला बाथरूमपर्यंत जाता आलं एवढंच नशीब. तोंडावर पाणी मारत ती किती वेळ उभी होती, हे तिचं तिलाच कळलं नाही.

४

मावशी काही भाबडी नव्हती. तिनं रीतसर शंका काढल्या. निम्मं जुळतं ते मुलीशी, तसंच आईशीही. तिची आई जाऊन बारा वर्षं झाली होती, पण आईची एक जुनी शाल तिच्याकडे होती. शालीतून आलं असेल. तसं असेल तर उरलेलं निम्मं तिच्या आईच्या घराण्यातलं निघेल. नवऱ्याचं असायचं काही कारणच नाही.

तिनं नवऱ्याच्या कंगव्यातले दोन केस मुळासकट काढून घेतले. जिवंत माणसाच्या डीएनएचं काम समोरच्या इमारतीत चालायचं. तिथं जाऊन आलेल्यानं त्या दिवशी परत क्लीनरूममध्ये पाऊल टाकायचं नाही, असा नियम होता. मावशी सकाळी क्लीनरूमचं काम आटोपून दुपारी तिकडे गेली. "घरचीच गंमत आहे," असं तिथल्या ओळखीच्या बाईला म्हणाली. त्यात गंमत काय, हे त्या बाईनं विचारलं नाही.

उरलेलं निम्मं नवऱ्याचं निघालं.

मग तिनं यावर मिळेल ते वाचून काढलं, आणि त्यानं तिला दोन दिवस बरं वाटलं. पोटातल्या मुलाच्या पेशी आईच्या रक्तात शिरतात आणि वर्षानुवर्षं तिथंच राहतात म्हणे. मूल गेलं तरी त्या जात नाहीत. म्हणजे पोरगी एवढी वर्षं तिच्या अंगातच होती. तिच्याबरोबर बसमधून येत होती, तिच्याबरोबर जेवत होती. मोज्याला कुठं बारीक भोक पडलं असेल, तिथून निसटली असेल. मावशी त्या दोन दिवसांत आपल्या हातांकडे पुन्हा पुन्हा बघत होती.

"पण मग तुमचं पण यायला हवं ना," आकडेवाली म्हणाली. मावशीनं 'समजा' म्हणून विचारलं होतं. "रक्ताचा थेंब पडला, तर त्यात लाखभर पेशी तुमच्या आणि एखादी तिची. इथं तुमचा एक तुकडाही नाही. फक्त ती. एकटीच."

एकटीच हा शब्द मावशी घरी घेऊन गेली.

५

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. मोजकं बोलणारा, कानाचा तीक्ष्ण. लिफ्ट हलली की नुसत्या आवाजावरून कोणत्या चाकाची झीज झाली ते सांगायचा. मावशीनं जेवता जेवता त्याला पंख्याचं सांगितलं.

"बेअरिंग गेलं असेल," तो म्हणाला. "घासल्यासारखा येतो का?"

"नाही. खोल येतो. लांबट. मग थांबतो."

"किती वेळ थांबतो?"

"ठरलेलं नाही. कधी मिनिटभर, कधी पाच. मग परत."

त्यानं पोळीचा तुकडा हातातच ठेवला. "मग पंखा नाही तो. बिघडलेलं यंत्र एकसारखं बिघडतं. चाकात खोट असेल तर दर फेऱ्याला आवाज येईल. असं थांबून थांबून... यंत्र थांबून वाट बघत नाही गं कधी."

"कशाची वाट?"

"आता मला काय माहीत? मी लिफ्टवाला माणूस," तो म्हणाला आणि जेवू लागला.

दुसऱ्या दिवशी मावशी क्लीनरूममध्ये काम नसताना जाऊन बसली. सूट, टोप्या, मोजे, सगळं चढवून. आवाज आला. आता तिला तो ओळखता आला, आणि आधी कसा ओळखता आला नाही याचं नवल वाटलं. ज्यानं कधी वासरू तोडलेली गाय ऐकली असेल, त्याला चुकणारच नाही. हंबरडा होता तो. खालून येत होता, तळघरातून, तीन मजले ओलांडून. आणि मधल्या शांततेत थोरली उत्तराची वाट बघत होती.

मावशीला वाटलं, उठून बाहेर जावं. तरी ती उठली नाही. कारण हंबरडा थांबला, तेव्हा तिच्या मागे, कोऱ्या नळ्यांच्या फळीजवळ, काहीतरी अगदी हलकेच हललं. एखादं लहान मूल झोपेत कूस बदलतं, तेवढंच. तिनं वळून पाहिलं. फळी होती, नळ्या होत्या, झाकणं लागलेली होती.

६

दुसऱ्या खेपेच्या कोरीत ती दुपटीनं होती. तिसऱ्या खेपेच्या कोरीत त्याच्याही दुप्पट.

"आणि आणखी एक आहे," आकडेवाली म्हणाली. आज ती काही चघळत नव्हती. "तुमच्या मुलीचं ताजं असायला हवं ना? लांब लांब, न तुटलेले धागे. हे सगळे तुकडे आहेत, मावशी. टोकं झिजलेली. थंडीत फार काळ पडून राहिल्यावर झिजतात तशी. मी तीनदा लावून बघितलं. धाकट्याची झीज आणि हिची झीज एकावर एक बसते. तेवढंच जुनं." तिनं आवाज खाली आणला. "मुलगी घरी बरी आहे ना?"

मावशीनं मान हलवली. हो की नाही, ते तिचं तिलाच माहीत नव्हतं.

एकोणीस वर्षांची पोरगी तीस हजार वर्षांची कशी होते? गेलेल्यांच्या जागी दिवस वेगळे मोजत असतील. किंवा तिथं मोजतच नसतील. जे गेलं ते सगळं सारखंच जुनं, सारखंच गार. मावशीला राहून राहून एकच गोष्ट डाचत होती. आपण ज्याला आजारपण म्हणून मागे टाकलं, ते त्या थंडीत एकटं होतं. आणि त्या थंडीत एकच आई हाका मारत होती, ती दुसऱ्याची. पोरगी त्या हाकेवर आली असेल. लहान मुलाला काय, हाक मारणारी ती आई.

सरांचे कान या वेळी रागानं लाल झाले होते. "तीन खेपा वाया, बाई. तुमच्या हातून? मला खरं वाटत नाही." मग ते थोडे नरमले. "रविवारी सगळी खोली ब्लीचनं धुऊन काढा. दिवसभर जांभळा दिवा लावून ठेवा. उरलेली पूड जाळायला द्या. दोन्ही खोकी पुसून परत पाठवू, आणि पुढच्या जनावराला हात घालू."

जांभळा दिवा म्हणजे अतिनील किरणांचा. तो लागला की खोलीत पडलेला डीएनएचा कण न् कण मोडून जातो. आत माणसानं थांबायचं नसतं. बटण दाराबाहेर असतं, आणि दारात हातभर काच.

"करते," मावशी म्हणाली. वीस वर्षं ती हेच म्हणत आली होती.

७

शनिवारी संध्याकाळी तिनं भांडी घासता घासता, नवऱ्याकडे न बघता विचारलं.

"मुलगी होती ना?"

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कोणी सांगितलं तुला?"

"होती ना?"

"होती," नवरा म्हणाला.

तिनं नळ बंद केला. तो टेबलापाशी बसला होता, दोन्ही हात पुढे ठेवून, कोणी तपासायला मागितल्यासारखे.

"तुम्ही बघितलंत तिला."

"दिली होती हातात. थोडा वेळ." तो हातांकडे बघत म्हणाला. "कान तुझ्यासारखे होते. पाळी जराशी बाहेर वळलेली. बाकी काही नीट बघवलं नाही मला, पण कान बघितले. एवढुसे."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारशील म्हणून थांबलो. तू विचारलंच नाहीस. मग मला वाटलं, हिला नकोय. मग वर्षं गेली. ती हातात होती, तेव्हा मला वाटलं होतं, एकदा हाक मारावी. एकदाच. पण नाव कुठं ठरलं होतं? आधी ठरवू नका, तूच म्हणाली होतीस. मग मी काहीच म्हटलं नाही. नुसता बघत बसलो, आणि नर्सबाईंनी नेलं तिला."

मावशी त्याच्याजवळ जाऊन बसली. एकोणीस वर्षं एका घरात दोन माणसं एकच गाठोडं दोन वेगवेगळ्या खोल्यांत लपवून बसली होती. ती त्या संध्याकाळी रडली, आणि तोही रडला, आणि जेवायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

८

रविवारी सकाळी इमारतीत चिटपाखरू नव्हतं. मावशीनं सगळी तयारी केली आणि दोन्ही खोकी पुसण्यासाठी आत आणली. एका टेबलावर थोरली, दुसऱ्यावर धाकटं. मधे चार पावलं.

हंबरडा आता तळघरातून नव्हता. खोलीतच होता. कवटीच्या खोक्यातून येत होता, आणि टेबलाचा पत्रा त्यानं थरथरत होता. मावशी पुसत राहिली. फळ्या, नळ्या, भिंती, खुर्ची. काम हातात असलं की भीती जरा लांब उभी राहते.

शेवटी दोन खोकी उरली, आणि काल रात्रभर डोक्यात घोळलेला विचार समोर येऊन उभा राहिला. धाकट्याचं हाड बोराएवढं. मोज्यात लपलं असतं, घरी नेता आलं असतं. दोघं वेगळी राहिली, की थोरली हाका मारत राहणार. हाका चालू राहिल्या, की पोरगी येत राहणार. कोऱ्या नळीत का होईना, तुकड्यातुकड्यानं का होईना, दर खेपेला थोडी जास्त.

तिनं ते हाड मुठीत घेतलं. दोन मोज्यांतूनही ते गार लागलं. थोरली हंबरली आणि थांबली. त्या शांततेत मावशीला कळलं, की ही वाट बघणं कसं असतं ते या अख्ख्या इमारतीत फक्त आपल्यालाच माहीत आहे. आणि ते आपणच तिच्या नशिबी आणलंय. एका सोमवारी, नियमाप्रमाणे, हातमोजे घालून.

"घे बाई," ती म्हणाली. "घे तुझं."

तिनं थोरलीचं खोकं उघडलं, कापूस बाजूला केला आणि ते हाड कवटीच्या कानाशी ठेवलं. झाकण लावलं. वीस वर्षांत तिनं मोडलेला हा पहिला नियम. हंबरणं थांबलं. पंख्याची घरघर तेवढी उरली. ती बाहेर आली, दार लावलं, आणि सांगितलेलं काम म्हणून बटण दाबलं.

खोली जांभळी झाली. मावशीनं काचेला कपाळ टेकलं.

दोन टेबलांच्या मधे जमिनीवर काहीतरी मोठं होतं. पाठ दिसत होती फक्त. गडद, केसाळ, खांद्याला उंच. मान खाली घालून ते काहीतरी चाटत होतं, सावकाश, एका लयीत. पायांशी एक लहानसं, चार काटकुळ्या पायांवर उभं राहायचा प्रयत्न करणारं. आणि त्याच्या मागे आणखी एक, त्याहून लहान. त्याला चार पाय नव्हते. ते उभं नव्हतंच, भिंतीला लागून बसलं होतं, पाठमोरं. डोक्याच्या बाजूला कान दिसत होता. पाळी जराशी बाहेर वळलेली.

मावशीचा हात बटणावर गेला. दिवा गेला. जांभळा उजेड गेला तरी आत पुरता अंधार झाला नाही, ती लहानगी आकृती अजून होती.

"अगं..." ती म्हणाली. पुढे शब्द सुचेना. "बाळा. ए सोनू. राणी. अगं छकुले, इकडे बघ. इकडे..." ती काचेवर थापा मारत होती. जगातल्या सगळ्या लाडाच्या हाका तिनं मारून बघितल्या. त्या कोणाच्याही मुलीच्या होत्या. तिच्या मुलीची त्यात एकही नव्हती.

तरी ते लहानगं डोकं जरासं वळलं. चेहरा नाही दिसला. फक्त कान काचेकडे झाला, आणि तसाच राहिला. ते थांबलं होतं. ऐकत होतं. आपल्याला म्हणतंय का कोणी, हे लहान मूल जसं थांबून ऐकतं, तसं. मावशी नाव आठवायचा प्रयत्न करत राहिली, आणि जे कधी ठेवलंच नव्हतं ते आठवणार कुठून?

मग आतून थोरली हंबरली. अगदी हळू, जवळ बोलावताना हंबरतात तसं. आणि कान वळला.

मावशीनं दार उघडलं तेव्हा आत दोन खोकी होती, ब्लीचचा वास होता, आणि पंखा चालू होता.

९

दोन्ही खोकी परत गेली, आणि पुढच्या महिन्यात नवीन जनावर आलं, एक नामशेष झालेलं हरीण. सात नळ्या, आठवी कोरी. आकडेवाली धावत आली आणि मावशीच्या गळ्यातच पडली.

"कोरी स्वच्छ आहे, मावशी! एक तुकडा नाही. अगदी कोरी!"

सर म्हणाले, "बघा, म्हटलं नव्हतं मी?" आणि त्यांचे कान लाल झाले. मावशीनं वही उघडली आणि कोरीपुढे लिहिलं: काही नाही. अक्षर नेहमीसारखंच आलं, याचं तिला वाईट वाटलं.

घरी दोघांनी मिळून नाव ठरवलं. त्याला तीन संध्याकाळी लागल्या. नवऱ्याला एक आवडायचं, तिला दुसरं, आणि एकदा तर भांडणही झालं, जसं एकोणीस वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं. शेवटी एक ठरलं. ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही, त्यामुळे तुम्हाआम्हालाही ते माहीत नाही.

हल्ली मावशी सगळ्यांच्या आधी येते. टोप्या, मास्क, सूट, मोज्यांचे दोन जोड, सगळं चढवून क्लीनरूममध्ये जाते आणि कोऱ्या नळ्यांच्या फळीसमोर उभी राहते. एकदा हाक मारते. थांबते. मग पुन्हा मारते.

परवा आकडेवाली दारात तिची वाट बघत होती.

"मावशी, पंखा परत बिघडलाय वाटतं," ती म्हणाली. "सकाळी आले तेव्हा ऐकला मी. खोल आवाज येतो, लांबट. मग थांबतो, मग परत येतो. दुरुस्तीवाल्याला बोलावू का?"

"नको," मावशी म्हणाली. "आमचे हे लिफ्टवाले आहेत, त्यांना विचारलंय मी. त्याला काही करता येत नाही."

आणि तिनं वरचे मोजे बदलायला घेतले.